लहान जातींच्या पिल्लांमधील यकृताचे विकार : ओळख आणि तपासण्या (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

यॉर्कशायर टेरियर, माल्टीज, शिह त्झू, पग यांसारख्या लहान चणीच्या जातींची पिल्ले पाळणाऱ्यांना यकृताविषयी जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. पिल्लू मुळातच एवढेसे असल्यामुळे त्याचे खुरटणे, त्याचे मलूल पडून राहणे ‘प्रकृतीच नाजूक आहे’ असे म्हणून सोडून दिले जाते आणि यकृताचा जन्मजात दोष कित्येक महिने लक्षातच येत नाही. हा दोष वेळेवर कसा ओळखावा, त्यासाठी कोणत्या चाचण्या कराव्यात आणि त्यांच्या निकालावर किती विश्वास ठेवावा, यावर येथे भर आहे.

या पिल्लांच्या यकृतात जन्मतः नेमका कोणता दोष असतो?

दोष बहुधा यकृताच्या पेशींत नसतो. यकृताकडे येणाऱ्या रक्ताच्या वाटेत असतो. जठर, आतडी, स्वादुपिंड आणि प्लीहा यांतून निघालेले रक्त सरळ हृदयाकडे जात नाही. पोर्टल शीर नावाच्या मोठ्या शिरेतून ते आधी यकृतात येते. तेथे त्यातील पोषक द्रव्ये काढून घेतली जातात, विषारी द्रव्ये निकामी केली जातात आणि मगच ते रक्त उरलेल्या शरीराच्या वाट्याला येते. यकृताला मिळणाऱ्या एकूण रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त या एका शिरेतून येते. काही पिल्लांमध्ये या शिरेला जन्मतःच एक आडवाट फुटलेली असते, आणि आतड्यांतील रक्त यकृताला वळसा घालून थेट शरीराच्या मुख्य शिरेत मिसळते. या आडवाटेला पोर्टोसिस्टेमिक शंट किंवा नुसते शंट म्हणतात.

गर्भावस्थेत अशी एक आडवाट प्रत्येक पिल्लात असते, कारण तेव्हा रक्त शुद्ध करण्याचे काम आईचे शरीर करत असते. जन्मानंतर थोड्याच दिवसांत ती आपोआप बंद होते. मोठ्या जातींमध्ये आढळणारे शंट बहुधा यकृताच्या आत असते आणि त्यातले बरेचसे ही गर्भावस्थेतली वाट उघडी राहिल्यामुळे झालेले असते. लहान जातींमध्ये मात्र शंट बहुतेक वेळा यकृताच्या बाहेर असते. ती गर्भातली जुनी वाट नसून चुकीच्या जागी तयार झालेली स्वतंत्र रक्तवाहिनी असते. हा फरक पुढे उपचारांच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो, कारण बाहेरचे शंट शस्त्रक्रियेने गाठणे आतल्या शंटच्या मानाने सोपे असते.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. त्यात एकच मोठी आडवाट नसते. यकृताच्या आतील अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांची रचनाच सदोष असते. याला मायक्रोव्हॅस्क्युलर डिस्प्लेसिया, थोडक्यात एमव्हीडी, म्हणतात. हे दोन दोष चाचणीच्या कागदावर एकमेकांसारखे दिसतात, पण पिल्लाच्या आयुष्याच्या दृष्टीने त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हा धोका कोणत्या जातींमध्ये अधिक असतो?

यॉर्कशायर टेरियर, माल्टीज, हॅव्हनीज, मिनिएचर श्नाउझर, पग, शिह त्झू आणि केर्न टेरियर ही नावे वारंवार पुढे येतात. एमव्हीडी विशेषतः केर्न टेरियर आणि यॉर्कशायर टेरियर यांच्यात चांगला परिचित आहे. यादीत नाव नसलेल्या जातीचे किंवा मिश्र जातीचे पिल्लू यातून सुटते, असे मात्र नाही. लक्षणे असतील तर जातीकडे न पाहता तपासणी करावी.

घरी कोणती लक्षणे दिसतात?

सर्वांत आधी लक्षात येण्याजोगी गोष्ट म्हणजे वाढ. एकाच वेतातील भावंडांच्या मानाने हे पिल्लू हडकुळे राहते, त्याचे वजन दर आठवड्याला जेवढे वाढायला हवे तेवढे वाढत नाही आणि केसांना तकाकी नसते. खाण्याच्या बाबतीत ते चोखंदळ वाटते: एक दिवस आवडीने खाते, दुसऱ्या दिवशी वाटीकडे पाहतही नाही. अधूनमधून उलट्या किंवा पातळ शौच होते. काही पिल्ले फार पाणी पितात आणि सारखी लघवी करतात, त्यामुळे ‘याला जागेची सवयच लागत नाही’ अशी तक्रार पुढे येते.

दुसरा गट मेंदूच्या लक्षणांचा. पोटभर खाऊन झाल्यावर तास-दोन तासांत पिल्लू गुंगल्यासारखे होते. हाक मारली तरी मान वळवत नाही, नजर शून्यात लागते, पाय फाकवून डुलत उभे राहते. खोलीच्या कडेकडेने एकाच दिशेने गोल गोल फिरते आणि शेवटी कोपऱ्यात जाऊन कपाळ भिंतीला टेकवून तसेच दाबत उभे राहते. हे भिंतीला डोके दाबणे ज्याने एकदा पाहिले आहे, तो ते विसरत नाही. काही पिल्लांना तेवढ्यापुरते दिसेनासे होते आणि ती सामानावर आदळतात. काहींना झटके येतात. चार-सहा तासांनी तेच पिल्लू पुन्हा खेळू लागते, आणि त्यामुळेच घरच्यांना वाटते की झाले ते किरकोळ होते.

माझा आग्रह असा की असा प्रसंग घडला तर मोबाइलवर त्याचे चित्रीकरण करावे आणि पिल्लाने काय, किती वाजता खाल्ले व त्रास किती वाजता सुरू झाला, हे लिहून ठेवावे. दवाखान्यात पोहोचेपर्यंत पिल्लू बहुधा सावरलेले असते, आणि तेव्हा दोन मिनिटांचे ते चित्रीकरण पशुवैद्यांना तोंडी वर्णनापेक्षा कितीतरी अधिक सांगते.

हेही नोंदवायला हवे की काही पिल्लांमध्ये यातले काहीच दिसत नाही. एमव्हीडी असलेली बहुसंख्य पिल्ले तर अंगाने धडधाकट असतात आणि दोषाचा पत्ता एखाद्या नेहमीच्या तपासणीतच लागतो.

त्रास जेवणानंतरच का वाढतो?

अन्नातील प्रथिनांचे विघटन होताना आतड्यांतील जिवाणू अमोनिया तयार करतात. निरोगी यकृत त्याचे युरियात रूपांतर करते आणि तो युरिया लघवीवाटे निघून जातो. शंट असेल तर अमोनिया आणि त्याच्यासोबतची इतर द्रव्ये न गाळता थेट मेंदूपर्यंत पोहोचतात.

हे ज्ञान फार जुने आहे. निकोलाय एक या रशियन वैद्यकाने १८७७ मध्ये कुत्र्यांवर शस्त्रक्रिया करून पोर्टल शीर थेट मुख्य शिरेला जोडली, म्हणजे हाताने शंट तयार केले. पुढे १८९३ मध्ये इव्हान पावलोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे कुत्रे मांस खाल्ल्यावर लडखडतात, आंधळ्यासारखे वागतात आणि त्यांना झटके येतात, हे नोंदवले. निसर्गतः शंट घेऊन जन्मलेल्या पिल्लाची मांसाहारानंतर जी अवस्था होते, ती याच नोंदींशी जुळते.

यावरून एक गोष्ट लक्षात ठेवावी: बद्धकोष्ठता, आतड्यांत होणारा रक्तस्राव, शरीरातले पाणी कमी होणे किंवा एखादा संसर्ग यांमुळेही अमोनियाचा भार वाढतो. म्हणजे जेवण साधे असतानाही त्रास उद्भवू शकतो.

लहान पिल्लाची साखर उतरली तरी ते असेच मलूल होते. दोन्हींतला फरक कसा ओळखावा?

नुसत्या निरीक्षणाने खात्रीने ओळखता येत नाही. अगदी लहान जातींच्या पिल्लांत, विशेषतः चार महिन्यांच्या आत, काही तास पोट रिकामे राहिले तरी रक्तातली साखर घसरते. पिल्लू थरथरते, लुळे पडते, आणि हिरड्यांना मध किंवा साखरेचे पाणी चोळल्यावर थोड्याच वेळात सावरते. साखरेचा त्रास बहुधा उपाशीपोटी होतो आणि शंटचा त्रास बहुधा जेवणानंतर, एवढा ढोबळ भेद सांगता येईल. पण शंट असलेल्या पिल्लाचे यकृत साखरेचा साठा नीट राखू शकत नाही, त्यामुळे त्याची साखरही उतरते. पिल्लाची साखर पुन्हा पुन्हा उतरत असेल, किंवा चार-पाच महिन्यांचे झाल्यावरही उतरत असेल, तर यकृताची तपासणी झालीच पाहिजे.

पिल्लाचे डोळे किंवा हिरड्या पिवळ्या नाहीत. मग यकृत ठीक आहे असे मानावे का?

मानू नये. शंट किंवा एमव्हीडी असलेल्या पिल्लाला सहसा कावीळ होत नाही. पिल्लू पिवळे दिसत असेल तर उलट वेगळ्या कारणाचा, म्हणजे संसर्ग, विषबाधा किंवा रक्तपेशी फुटण्याचा, विचार आधी करावा लागतो.

रक्ततपासणीत यकृताचे आकडे नॉर्मल आले. तरीही दोष असू शकतो का?

होय, आणि गैरसमज सर्वांत अधिक याच ठिकाणी होतो. ‘एलएफटी’ (लिव्हर फंक्शन टेस्ट) या नावाने जे आकडे छापून येतात, त्यांतील एएलटी आणि एएलपी ही एन्झाइम्स, म्हणजे पेशींतील रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, आहेत. यकृताच्या पेशींना इजा झाली की एएलटी रक्तात उतरते. पित्ताच्या प्रवाहात अडथळा आला की एएलपी वाढते. यकृत आपले काम किती करते आहे, हे त्यांतून कळत नाही. शंट असलेल्या पिल्लाच्या यकृतपेशी मरत नसतात, त्यांना रक्त पुरेसे मिळत नसते. त्यामुळे एन्झाइम्स नॉर्मल किंवा जेमतेम वाढलेली असू शकतात. शिवाय वाढत्या हाडांमुळे कोणत्याही पिल्लात एएलपी थोडे जास्तच असते, तेव्हा केवळ त्या एका आकड्यावरून घाबरण्याचेही कारण नाही.

खरे संकेत त्याच कागदावर अन्यत्र असतात. युरिया, अल्ब्युमिन, कोलेस्टेरॉल आणि ग्लुकोज ही चारही द्रव्ये यकृताच्या कामाशी निगडित आहेत, आणि ती एकत्रितपणे कमी असतील तर यकृत काम करत नाही अशी शंका घ्यावी. रक्तपेशींच्या तपासणीत लाल पेशी आकाराने लहान असणे, म्हणजे एमसीव्ही कमी असणे, हाही शंटचा परिचित संकेत आहे. अहवालात युरिया कमी आला की त्याच्यापुढे लाल खूण असूनही तिकडे कोणी फारसे पाहत नाही, कारण मूत्रपिंडाच्या काळजीपोटी सर्वांचे लक्ष युरिया वाढला आहे का, याकडेच असते. पिल्लाच्या अहवालात मात्र कमी आलेल्या युरियाबद्दल पशुवैद्यांना आवर्जून विचारावे.

लघवीच्या तपासणीतून काय कळते?

बरेच काही, आणि पिल्लाला सुई न टोचता. यकृतात युरिक आम्ल आणि अमोनिया यांची विल्हेवाट लागली नाही तर ती लघवीत उतरतात आणि त्यांचे अमोनियम बाययुरेट नावाचे स्फटिक होतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते सोनेरी-तपकिरी, अंगावर काटे असलेल्या गोळ्यांसारखे, धोतऱ्याच्या बोंडाची आठवण करून देणारे दिसतात. डाल्मेशियन आणि बुलडॉग या जातींत युरेटचे स्फटिक यकृत चांगले असतानाही सापडतात. लहान जातींच्या पिल्लात मात्र ते सापडले तर शंटचा विचार करावाच लागतो. मात्र स्फटिक सापडले नाहीत म्हणजे शंट नाही, असा उलटा निष्कर्ष काढू नये.

याच स्फटिकांचे पुढे खडे होतात. लघवीला कुंथणे, थेंब थेंब होणे किंवा रक्त येणे ही त्यांची खूण. हे खडे साध्या एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाहीत, सोनोग्राफीत दिसतात. म्हणून ‘एक्स-रे काढला, खडा नाही’ एवढ्यावर थांबू नये.

पित्ताम्लांची चाचणी, म्हणजे बाईल ॲसिड टेस्ट, काय असते आणि ती कशी करतात?

पित्ताम्ले यकृत स्वतः तयार करते आणि पित्ताशयात साठवते. अन्न पोटात गेले की पित्ताशय आकुंचन पावते, पित्ताम्ले आतड्यात उतरतात, स्निग्ध पदार्थ पचवायला मदत करतात आणि लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून पुन्हा शोषली जाऊन पोर्टल शिरेतून यकृतात परततात. निरोगी यकृत त्यांतील बहुतेक सगळी पहिल्याच फेरीत उचलून घेते, त्यामुळे बाहेरच्या रक्तात त्यांचे प्रमाण अगदी कमी असते. रक्त यकृताला वळसा घालत असेल तर ती बाहेरच्या रक्तात फिरत राहतात. म्हणून ही चाचणी एकाच वेळी यकृताचे काम आणि रक्ताची वाट या दोन्हींची परीक्षा घेते, आणि लहान जातींच्या पिल्लांसाठी तिच्याइतकी उपयोगी साधी चाचणी दुसरी नाही.

प्रत्यक्षात ती अशी होते. पिल्लाला उपाशी ठेवून, प्रौढ कुत्र्यात साधारण १२ तास, पहिला रक्तनमुना घेतात. मग थोडे स्निग्धांश असलेले अन्न देतात. अगदी लहान पिल्लाला दोन चमचेही पुरतात. बरोबर दोन तासांनी दुसरा नमुना घेतात. अन्न फार दिले तर रक्त दुधाळ होते आणि यंत्राच्या वाचनात गडबड होते. फार कमी दिले तर पित्ताशय आकुंचनच पावत नाही. पिल्लाने खाल्लेले उलटून टाकले तर चाचणी त्या दिवशी बाद समजावी. नमुना घेताना रक्तपेशी फुटल्या तरी आकडा विश्वासार्ह राहत नाही.

दोन गोष्टींत सावधगिरी हवी. पहिली उपवासाची: दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला १२ तास उपाशी ठेवणे धोक्याचे आहे, म्हणून पशुवैद्य तो काळ कमी करतात किंवा केवळ जेवणानंतरच्या नमुन्यावर भर देतात. दुसरी अन्नाची: ज्या पिल्लाला जेवणानंतर गुंगी किंवा झटके येतात, त्याला चाचणीसाठी भरपूर प्रथिने असलेले अन्न देऊ नये, पशुवैद्यांना हे आधी सांगावे. पिल्लू उर्सोडीऑक्सिकोलिक आम्लाचे औषध घेत असेल तर तेही सांगावे, कारण ते औषध स्वतःच एक पित्ताम्ल आहे आणि मोजणीत येते. पिल्लाला उघड कावीळ असेल तर या चाचणीने नवे काही कळत नाही आणि ती करण्याची गरज नसते.

ही चाचणी कोणत्या वयात करावी?

लक्षणे असतील तर वयाची वाट पाहू नये. लक्षणे नसताना केवळ खबरदारी म्हणून करायची असेल तर सोळा आठवड्यांच्या सुमारास, पिल्लू बिनधोक थोडा वेळ उपाशी राहू शकते तेव्हा, करणे सोयीचे पडते. जबाबदार प्रजननकर्ते धोक्याच्या जातींमध्ये पूर्ण वेताची चाचणी करून घेतात. पिल्लू घरी आणताना असा अहवाल मागण्यात संकोच बाळगू नये.

आकडे कसे वाचावेत?

प्रत्येक प्रयोगशाळेच्या मर्यादा थोड्या वेगळ्या असतात, म्हणून अहवालावर छापलेली मर्यादाच प्रमाण मानावी. ढोबळ मानाने, जेवणानंतरचा आकडा २५ मायक्रोमोल प्रति लिटरच्या आत असेल तर शंटची शक्यता फार कमी. तो १००च्या वर असेल तर शंटची शंका दाट होते आणि पुढच्या तपासण्या लांबवू नयेत. मधल्या पट्ट्यात एमव्हीडी, सौम्य शंट, यकृताचा दुसरा एखादा विकार किंवा काहीच नसणे, असे सर्व संभवते.

उपाशीपोटीचा आकडा जेवणानंतरच्या आकड्यापेक्षा मोठा आला तर अनेकांना वाटते की नळ्यांची अदलाबदल झाली. तसे नसते; दोन जेवणांच्या मध्ये पित्ताशय आपल्या आपणही आकुंचन पावते. अशा वेळी दोहोंपैकी मोठा आकडा धरावा.

माल्टीज जातीबद्दल एक अपवाद ठळकपणे सांगितला पाहिजे. यकृतात कसलाही दोष नसलेल्या माल्टीज कुत्र्यांतही पित्ताम्लांचा आकडा वाढलेला आढळतो. अंगाने भरलेल्या, खेळकर माल्टीज पिल्लाचा आकडा थोडा वर आला म्हणून त्याला आजारी ठरवणे अन्यायाचे आहे. आणखी एक भ्रम असा की आकडा जितका मोठा तितका आजार गंभीर. २०० आकडा असलेले पिल्लू १२० आकड्याच्या पिल्लापेक्षा अधिक आजारी असते, असे नाही. दोष आहे की नाही, एवढेच ही चाचणी सांगते. त्याचे मोजमाप ती करत नाही.

शंट की एमव्हीडी, हे शस्त्रक्रियेपूर्वी कसे ठरते?

पित्ताम्लांवरून पूर्ण निश्चित होत नाही. येथे प्रोटीन सी या रक्तातील प्रथिनाची मोजणी उपयोगी पडते. ते यकृतात तयार होते. शंट असलेल्या बहुतेक कुत्र्यांत त्याची क्रियाशीलता ७० टक्क्यांच्या खाली असते, तर केवळ एमव्हीडी असलेल्यांत ती बहुधा ७० टक्के किंवा त्याहून अधिक असते. ही चाचणी सगळीकडे होत नाही, पण होत असेल तर जरूर करावी.

यकृताचा तुकडा काढून तपासला तर प्रश्न सुटेल, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही, कारण शंट आणि एमव्हीडी या दोहोंत यकृताचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ सारखाच दिसतो. एमव्हीडीचे निदान म्हणूनच वजाबाकीचे निदान आहे: चित्रणात मोठी आडवाट सापडली नाही, इतर कारणे नाहीत, तेव्हा ते नाव द्यायचे.

रक्तातील अमोनिया मोजणे अधिक सरळ नाही का?

कल्पना सरळ आहे, व्यवहार अवघड. नमुना नळीत पडून राहिला की अमोनियाचा आकडा बदलतो. नमुना लगेच बर्फात ठेवून, पेशी वेगळ्या करून, अर्ध्या तासाच्या आत मोजावा लागतो. बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवलेल्या नमुन्यावर विसंबता येत नाही. दवाखान्यातच यंत्र असेल आणि पिल्लू त्या क्षणी गुंगीत असेल, तर मात्र वाढलेला अमोनिया हा मोलाचा पुरावा ठरतो.

सोनोग्राफी पुरते की सीटी स्कॅन लागतो?

सोनोग्राफी आधी करावी. यकृत लहान आहे का, मूत्राशयात खडे आहेत का, हे तीत दिसते, आणि अनुभवी हातात आडवाटही दिसते. पण एक-दीड किलोच्या पिल्लाच्या पोटात, आतड्यांतील वायूच्या आड, दोन-तीन मिलिमीटरची शीर शोधायची असते. ‘सोनोग्राफीत शंट दिसले नाही’ आणि ‘शंट नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत. पित्ताम्लांचा आकडा मोठा असेल तर पहिल्यावर समाधान मानू नये.

शिरेतून रंगद्रव्य देऊन केलेला सीटी स्कॅन, म्हणजे सीटी अँजिओग्राफी, आडवाट कुठून निघते आणि कुठे मिळते हे स्पष्ट दाखवतो, आणि शस्त्रक्रिया करायची असेल तर तो नकाशाच असतो. काही मोठ्या केंद्रांत सिंटिग्राफी करतात. त्यात टेक्निशियम या किरणोत्सर्गी द्रव्याचा अल्प अंश देऊन रक्त आधी यकृतात पोहोचते की हृदयात, हे पाहतात. सिंटिग्राफीने शंट आहे की नाही हे कळते, पण नेमकी जागा कळेलच असे नाही.

नसबंदीपूर्वी तपासणी करणे आवश्यक आहे का?

माझे उत्तर ठामपणे होय असे आहे. भुलीच्या अनेक औषधांचा असर उतरवण्याचे काम यकृतच करते. लपलेले शंट असलेले पिल्लू साध्या नसबंदीच्या भुलीतून तासन्‌तास जागे होत नाही, आणि कित्येकदा दोषाचा पहिला सुगावा असाच लागतो. धोक्याच्या जातीतील, वाढ खुरटलेल्या पिल्लाच्या बाबतीत शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याआधी पित्ताम्लांची चाचणी करून घ्यावी.

पिल्लू एकाएकी पिवळे पडले किंवा सारख्या उलट्या करू लागले तर?

त्याच दिवशी, रात्र असली तरी, पशुवैद्यांकडे न्यावे. हे जन्मजात दोषाचे नव्हे, अचानक झालेल्या इजेचे लक्षण असते. संसर्गांपैकी कुत्र्यांचा संसर्गजन्य हेपटायटिस, जो पहिल्या प्रकारच्या ॲडिनोव्हायरसमुळे होतो, आणि लेप्टोस्पायरोसिस हे दोन महत्त्वाचे. नेहमीच्या लसीकरणाने यांपैकी हेपटायटिसपासून चांगले संरक्षण मिळते. विषबाधेत झायलिटॉल हे नाव प्रत्येकाच्या लक्षात असावे. साखरविरहित च्युइंगम, गोळ्या आणि काही शेंगदाणा बटरमध्ये ते असते. खाल्ल्यावर अर्ध्या-एक तासात साखर कोसळू शकते आणि पुढच्या एक-तीन दिवसांत यकृत निकामी होऊ शकते. पॅरासिटामॉल, सायकस या शोभेच्या झाडाच्या बिया आणि बुरशी आलेले कोरडे खाद्य यांचाही विचार करावा. ताप आला म्हणून माणसांचे औषध पिल्लाला कधीही देऊ नये. संशयित वस्तूचे वेष्टन सोबत न्यावे.

शंटची शंका आली की प्रथिने पूर्ण बंद करावीत का?

करू नयेत. वाढत्या पिल्लाची प्रथिने तोडली तर त्याचे स्नायू झिजतात, आणि अमोनिया निकामी करण्याचे थोडे काम स्नायूही करत असल्यामुळे उलट नुकसान होते. प्रथिने मर्यादित, पण उत्तम पचणारी हवीत. दूध, अंडी आणि सोया यांची प्रथिने लाल मांसापेक्षा अशा पिल्लांना सहसा अधिक मानवतात. दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे द्यावे. ज्या एमव्हीडीच्या पिल्लाला लक्षणेच नाहीत, त्याला विशेष आहाराची किंवा औषधाची बहुधा गरज नसते, आणि त्याचे आयुष्यही सामान्य असते.

औषधांनी किती साधते?

लॅक्टुलोज हे मुख्य औषध. ते आतड्यातील अमोनिया शौचावाटे बाहेर काढायला मदत करते. दिवसाला दोन-तीन वेळा मऊ शौच होईल इतकी मात्रा ठेवतात, पाण्यासारखे जुलाब झाले तर ती जास्त झाली आहे. जोडीला अमोनिया बनवणाऱ्या जिवाणूंसाठी प्रतिजैविक आणि झटक्यांसाठी बहुधा लेव्हेटिरासेटम देतात. यांनी पिल्लू काही आठवड्यांत ओळखू येणार नाही इतके सुधारते. तरी औषधे आडवाट बंद करत नाहीत, यकृताची वाढ खुंटलेलीच राहते. ‘लिव्हर टॉनिक’ म्हणून मिळणाऱ्या द्रवांनीही रक्ताची वाट बदलत नाही. त्यांच्या भरवशावर तपासणी पुढे ढकलू नये.

शस्त्रक्रियेत काय करतात, आणि तिचे धोके कोणते?

आडवाट हळूहळू बंद करतात. ती एकदम बांधली तर आजवर कमी रक्त पाहिलेल्या पोर्टल शिरेत अचानक दाब चढतो, पोट फुगते, रक्ताचे जुलाब होतात आणि पिल्लू दगावू शकते. म्हणून अमेरॉइड नावाचे कडे आडवाटेभोवती बसवतात. बाहेरून धातूचे आणि आतून दाबलेल्या केसीनचे, म्हणजे दुधातल्या प्रथिनाचे, असे हे कडे अंगातील ओलावा शोषून आतल्या बाजूला फुगते आणि काही आठवड्यांत वाट बुजते. सेलोफेनच्या पट्टीनेही असेच हळूहळू काम होते. शंट यकृताच्या बाहेर असेल तर बहुसंख्य कुत्री यातून चांगली बरी होतात. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या तीन-चार दिवसांत काही थोड्या कुत्र्यांना झटके येतात आणि ते जिवावर बेतू शकतात. म्हणून त्या काळात पिल्लू रुग्णालयात देखरेखीखाली असावे.

शस्त्रक्रियेनंतर साधारण तीन महिन्यांनी पित्ताम्लांची चाचणी पुन्हा करतात. आकडा पूर्ण उतरला नाही, पण पिल्लाचे वजन वाढले, युरिया आणि अल्ब्युमिन सुधारले, तर शस्त्रक्रिया फसली असे समजू नये; एका शंटसोबत एमव्हीडीही असणे या जातींमध्ये सामान्य आहे.

त्याच वेतातील भावंडांची आणि आई-वडिलांची तपासणी करावी का?

भावंडांची अवश्य करावी, दिसायला ती कितीही टुणटुणीत असोत. हा दोष कुळात चालत येतो, पण एका जनुकाचा सरळ हिशेब त्याला लागू पडत नाही. पित्ताम्ले अगदी नॉर्मल असलेल्या जोडप्याच्या पोटीही शंटचे पिल्लू जन्मते. म्हणून आई-वडिलांचा चांगला अहवाल ही पिल्लांची हमी नव्हे. ज्या जोडप्याला शंटचे पिल्लू झाले, त्या जोडप्याचे पुन्हा प्रजनन करू नये, आणि शंट असलेल्या पिल्लाचे, ते शस्त्रक्रियेने पूर्ण बरे झाले असले तरी, कधीच करू नये. निदान झाल्यावर ज्यांच्याकडून पिल्लू आणले त्यांना अहवालाची प्रत पाठवावी. त्याच वेताची इतर पिल्ले कोणत्या घरांत गेली, हे बहुधा त्यांनाच ठाऊक असते.